एकाहत्तरावे मिनिट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, इतवारीतून निघालेल्या मारबतीच्या मिरवणुकीत एक बडग्या होता. बांबू, गवत आणि एक जुना पांढरा शर्ट. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी होती. पाटीवर लिहिले होते, 'शाळा गिळणारा लांजेवार'.

नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. त्या दिवशी शहराला नको असलेल्या गोष्टींचे पुतळे करून रस्त्याने नेतात आणि शेवटी जाळतात. मोठ्या पुतळ्याला मारबत म्हणतात, पुरुषाच्या पुतळ्याला बडग्या. रोगराईचा बडग्या असतो, महागाईचा असतो, एखाद्या पुढाऱ्याचा असतो. "घेऊन जा गे मारबत" असे ओरडत लोक मागे चालतात.

मधुकर लांजेवार पुढारी नव्हते. एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले कारकून होते आणि हुडकेश्वरला राहत होते. त्यांनी शाळा गिळलेली नव्हती. शाळेची जागा वाचावी म्हणून फायलीवर हरकत लिहिणारे त्या कार्यालयातले ते एकटे होते. ज्या मुलांनी बडग्या केला त्यांनी आमच्या चॅनेलचा माहितीपट पाहिला होता. पूर्ण पाहिला नव्हता.

त्यानंतरच्या सोमवारी रामचंद्र गजभिये यांनी चॅनेलचा राजीनामा दिला. हा मजकूर त्यांच्याविषयी आहे.

आमचे कार्यालय रामदासपेठेत, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही राजकारणावर लांब माहितीपट करतो. दीड तासाचे, कधी दोन तासांचे. लोक ते फोनवर पाहतात. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंच्या काळात दोन तास कोण बसणार, असे आम्हाला सुरुवातीला सगळ्यांनी विचारले. लोक बसत होते. त्याचे कारण गजभियेजी होते.

ते चौसष्ट वर्षांचे होते. आयुष्यभर वर्तमानपत्रात. आधी मुद्रितशोधक, मग उपसंपादक. उंची कमी, पांढरा बुशशर्ट बाहेर सोडलेला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी जाड पेन्सिल. ही पेन्सिल आता फारशी कुठे मिळत नाही. ते महाल भागातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून डझनाने आणत आणि दोन्ही टोके ब्लेडने करत. सकाळी कार्यालयात येण्याआधी खालच्या गाडीवर तर्री-पोहा, म्हणजे तिखट रस्सा घातलेले पोहे, खात. तर्री जास्त पडली तर पोहेवाल्याला म्हणत, "अरे, मले पोहे दे गा, पोहायले नको देऊ." हा विनोद मी सहा वर्षे ऐकला. पोहेवाला सहा वर्षे हसला.

संगणकावर ते कधी बसले नाहीत. तयार झालेला माहितीपटही पाहत नसत, ऐकत. खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून. पडद्यावर काय चालले आहे ते कळावे लागत असेल तर लिखाणात काही तरी राहिले आहे, असे त्यांचे म्हणणे.

मी तिथे गेलो त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. ती प्रत्येक नव्या माणसाची घेत. माझ्यामागे वर्तमानपत्रातली बारा वर्षे होती, ती त्यांनी विचारात घेतली नाही.

"कालची एक बातमी सांग," ते म्हणाले. "छापल्यावाणी नको. घरी आईले सांगशील तशी."

आदल्या दिवशी एका तालुक्याच्या गावी मंत्र्यांच्या सभेचा मांडव कोसळला होता. मी तीच सांगायला घेतली. वारा कसा सुटला, खांब कसा कलला, लोक कसे पळाले, रुग्णवाहिका कशी अडकली. मी रंगात आलो होतो. गजभियेजी उठले. कोपऱ्यातल्या माठातले पाणी प्यायले. मग दाराशी जाऊन चपला घालू लागले.

"सर, अजून संपली नाही," मी म्हणालो.

"मी तर चाललो बाप्पा घरी. बायको विचारन, काय झालं आज? काय सांगू तिले? मंत्री मेला?"

"नाही. मंत्री पोचलेच नव्हते. कोणालाच लागले नाही."

"मंग हे मी पाणी प्यायच्या आधी काहून नाही सांगितलं गा?"

"उत्सुकता राहावी म्हणून."

"राहिली ना," गजभियेजी म्हणाले. "आता माह्या मोहल्ल्यात मंत्री मेला."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. चपला काढून ते पुन्हा येऊन बसले आणि त्यांनी एकच नियम सांगितला. नंतर सहा वर्षांत तो मी बहुधा शंभरदा ऐकला असेन. पाहणारा माणूस केव्हाही उठून जाऊ शकतो. भाजी जळते, फोन येतो, झोप येते. तो ज्या मिनिटाला उठला, त्या मिनिटापर्यंत त्याच्या हाती जे आले ते खरे असले पाहिजे. या माणसाला ते 'उठता माणूस' म्हणत. लिखाण तपासताना समासात निळ्या पेन्सिलने 'उ.मा.' लिहीत. म्हणजे इथे माणूस उठला तर काय घेऊन जाईल ते बघ.

दुसरी खूण लाल होती. ती शोभाताईंची.

शोभाताई आमच्याकडे दुपारचा स्वयंपाक करायला येतात. गजभियेजी प्रत्येक माहितीपटाचे लिखाण आधी त्यांना वाचून दाखवत. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसत. शोभाताई आत भाजी निवडत असत, कणीक मळत असत. ते वाचत आणि कागदाकडे कमी, त्यांच्या हाताकडे जास्त पाहत. हात थांबला की लाल रेघ. शोभाताई मान वर करून "मंग?" म्हणाल्या की लाल रेघेखाली 'मंग'. दीड तासाच्या लिखाणात दर सात-आठ मिनिटांनी एक 'मंग' आला नाही तर ते लिखाण परत टेबलावर येई.

आम्हा लोकांकडे आलेख असतो. किती लोक कितव्या मिनिटाला निघून गेले ते त्यात दिसते. गजभियेजी त्याला मुंगीची वाट म्हणत. "तुमची मुंगी पिक्चर मेल्यावर सांगते," ते म्हणत. "शोभाताई आधी सांगते."

"मी काय सांगतो जी," शोभाताई आतून म्हणत. "मले तं तुमच्या राजकारनातलं घंटा समजत नाही."

"म्हणून तर तुमाले वाचतो. समजनारे सगळे ओळखीचे आहेत माह्या."

एका गावच्या नगर परिषदेवर आम्ही केलेला माहितीपट अजून लोक आठवणीने सांगतात. एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मते पडली होती. चिठ्ठी काढली गेली आणि त्या एका चिठ्ठीवर नगराध्यक्ष कोण ते ठरले. आम्ही सगळ्यांनी सुरुवात पक्षांपासून केली होती. कोणत्या गटाची कधी फूट झाली, कोण कोणाचा व्याही. शोभाताईंचा हात कणकेत फिरत राहिला. गजभियेजींनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "ज्या मटक्यातून चिठ्ठी काढली तो कुठून आणला?" कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी दोन माणसे गावी पाठवली. माहितीपट त्या मटक्यापासून सुरू झाला आणि मटका कुठून आला ते शेवटच्या पाच मिनिटांत उलगडले. मधल्या तासाभरात त्या गावातले सगळे राजकारण येऊन गेले. लोक शेवटपर्यंत थांबले. मटका शाळेतल्या खिचडीच्या बाईंचा होता, त्यात त्या मीठ ठेवत.

"आपणसुद्धा राखूनच ठेवले ना सर," मी तेव्हा म्हणालो होतो.

"मटका राखला. मटक्याचं काय गेलं? वस्तू राखून ठेव गा, खुशाल ठेव. माणूस नको राखू."

हे त्यांना कुठून आले ते त्यांनी मला दोनदा सांगितले. त्यांचे घर मूळ भंडाऱ्याकडचे. आजोबांनी छप्पन सालच्या दीक्षेनंतर गावातली जुनी कामे सोडली आणि पुढे घरातल्या बायका विडीच्या कामाला लागल्या. आई दहा-बारा बायकांबरोबर ओसरीत बसून विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू. गजभियेजी नागपुरात कॉलेजला होते. सुट्टीत गेले की त्या बायका त्यांना वर्तमानपत्र वाचायला लावत. बातमी लागली तर हात मंद होत. लागली नाही तर कोणी तरी म्हणे, "दुसरं वाच बाप्पा, हे तं उकडलेल्या वांग्यावानी हाय." हाताकडे पाहत वाचायची सवय तिथली.

एकदा त्यांच्याच भागातल्या एका बसच्या अपघाताची बातमी होती. बस पुलाखाली गेली होती. प्रवाशांना खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते, पण ते बातमीच्या शेवटच्या ओळीत होते. गजभियेजींनी ती ओळ राखली. वर आपल्या पदरचे रंगवून सांगितले, पूल, पाणी, काचा. सगळ्या बायकांचे हात थांबले. असे याआधी कधी झाले नव्हते. त्या नादात एक बाई सूप बाजूला ठेवून उठून गेली, ते त्यांना दिसले नाही. तिच्या चुलत जावेचा नवरा त्याच बसने निघाला होता.

संध्याकाळी तो माणूस चालत गावात आला. तोवर घरात त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडून झाल्या होत्या.

"त्या बाईनं पुन्हा भरल्या बांगड्या," गजभियेजी म्हणाले. "नवऱ्यानंच आणून देल्या. पण ती मले पाहे ना, का हात पदराखाली घेऊन घे. मरेपर्यंत घे."

दुसऱ्यांदा हे सांगितले तेव्हा आम्ही दोघे हुडकेश्वरहून परत येत होतो. लांजेवारांच्या घरून.

शहराच्या दक्षिणेला एका लेआउटमध्ये शाळेसाठी राखलेली जागा होती. ती बऱ्याच वर्षांपूर्वी एका माजी आमदाराच्या नातेवाइकांच्या नावावर कशी गेली, यावर तो माहितीपट होता. त्या फायलीवर पहिली सही मधुकर लांजेवारांची होती. आम्ही त्यांना शोधत गेलो तेव्हा ते अंगणात कुंडीतली माती उकरत बसले होते. आम्ही का आलो ते ऐकून त्यांनी हात धुतले, आत गेले आणि लोखंडी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद आणला. फायलीतल्या नोंदीची झेरॉक्स होती. दोन ओळी. जागा शाळेसाठी आरक्षित असल्याने बदल करू नये, असे माझे मत आहे. खाली तीच सही. या नोंदीनंतर त्यांची बदली झाली होती आणि फायलीत वरच्या लोकांनी वेगळे लिहिले होते.

त्यांच्या पत्नीने चिवडा आणि चहा आणला. लांजेवार कागद आमच्या हातात देऊन पुन्हा काढून घेत होते, पिशवीची घडी नीट करत होते.

"हे दाखवाल ना जी?" त्यांनी विचारले.

"हेच दाखवायसाठी आलो," गजभियेजी म्हणाले.

"नाही, मी मेल्यावर पोरीले सापडलं असतं. तिनं काय समजलं असतं? फेकून देलं असतं. म्हणून म्हणतो."

गजभियेजींच्या लिखाणात लांजेवार नवव्या मिनिटाला येत होते. आधी नोंद, मग नाव, मग सही. या क्रमाने. समासात निळ्या पेन्सिलने 'उ.मा.' लिहून त्यावर बरोबरची खूण केली होती. पुढच्या आठवड्यात ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी धंतोलीतल्या एका रुग्णालयात दाखल झाले. डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायला मनाई केली. संकलनाचे काम माझ्याकडे होते. निवेदनाचा आवाजही माझाच होता.

त्याआधीच्या दोन माहितीपटांत आलेख बाराव्या मिनिटाला घसरला होता. मी क्रम बदलला. नवव्या मिनिटाला फक्त सही आणि नाव ठेवले. सही पडदाभर मोठी केली. त्यावर माझा आवाज होता: "या फायलीवर पहिली सही एका कारकुनाची आहे. मधुकर लांजेवार. ही सही कशासाठी होती?" मग माहितीपट जमिनीच्या इतिहासाकडे वळत होता. नोंद मी एकाहत्तराव्या मिनिटाला नेली. तिथे ती फार चांगली बसली.

नवा क्रम मी शोभाताईंना वाचून दाखवला. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून, ते बसत तसा बसून. शोभाताई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. सही आली आणि त्यांचा हात थांबला.

"मंग? तो कारकून काय झाला?"

"पुढे कळते ताई."

मी लाल रेघ मारली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गजभियेजींना फोन केला. त्यांनी स्वतः उचलला.

"काहून गा, झाला का पिक्चर?"

"झाला सर. थोडा क्रम बदलला."

"कशाचा?"

"मधल्या भागाचा."

"लांजेवारची नोंद आहे ना?"

"आहे. पूर्ण आहे. जशीच्या तशी."

"बरं," ते म्हणाले. "ठेव मंग. हे डोळ्यात थेंब टाकून राहिले."

माझ्या उत्तरातला प्रत्येक शब्द खरा होता. कितव्या मिनिटाला, असे त्यांनी विचारले नाही. मला ते विचारायची गरज त्यांना वाटली नाही. त्यांनी विचारले असते तर मी काय सांगणार होतो, तेही मी फोन करण्याआधी ठरवून ठेवले होते. ते इथे लिहीत नाही.

बाराव्या मिनिटाला आलेख घसरला नाही. कार्यालयात संत्रा बर्फी आणली गेली. त्या आठवड्यात कोणी तरी नवव्या मिनिटाचा तुकडा कापून वेगळा फिरवला. त्यात सही होती, नाव होते, माझा आवाज होता. प्रश्न होता, उत्तर नव्हते.

लांजेवारांचा पहिला फोन मी घेतला नाही. दुसरा घेतला.

"देशकरजी, मी पाहून राहिलो. तो कागद अजून नाही आला जी."

"येतो. एकाहत्तराव्या मिनिटाला येतो."

"असं का. बरं बरं." मग म्हणाले, "इथं लोक विचारून राहिले ना. मी सांगतो त्यायले, तिथवर पाहा म्हणून."

त्यांनी सांगितले. हे मला नंतर गजभियेजींकडून कळले. दूध आणायला गेले की सांगत, बागेत फिरायला गेले की सांगत. एका चिठ्ठीवर '७१' लिहून ती शेजारच्यांना देत. लोक चिठ्ठी घेत. मग बागेतल्या त्यांच्या नेहमीच्या बाकावर कोणी बसेना, तेव्हा त्यांनी फिरायला जाणे बंद केले. मग पोळा आला आणि दुसऱ्या दिवशी मारबत.

सोमवारी गजभियेजी काळा चष्मा लावून कार्यालयात आले. बडग्याचे कानावर आल्यावर रविवारी त्यांनी सुनेच्या फोनवर माहितीपट पूर्ण पाहिला होता. ऐकला नव्हता, पाहिला होता. ते कोणावर ओरडले नाहीत. संपादकांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. त्यांचे एकच मागणे होते. नोंद नवव्या मिनिटाला आणा.

चढवलेल्या व्हिडिओतून तुकडा कापता येतो, त्यात नवा घालता येत नाही. आहे तो काढून नवा चढवावा लागला असता आणि पाहणाऱ्यांची मोजणी शून्यापासून सुरू झाली असती.

"पण आहे ना जी पिक्चरमध्ये ते," संपादक म्हणाले. "आपण लपवलं का? लोकांनी पूर्ण पाहिला नाही, तर त्याले आपण काय करावं?" मग ते माझ्याकडे वळले. "देशकर, तुले काय वाटते?"

मी म्हणालो, "व्हिडिओच्या खाली वर्णनात एक ओळ टाकता येईल."

गजभियेजींनी चष्मा काढला. डोळा लाल होता.

"देशकरसाहेब," ते म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी मला साहेब म्हटले नव्हते. "शोभाताईले बोलवा जरा."

शोभाताई हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, लांजेवारचा पिक्चर पाह्यला का वं?"

"पाह्यला ना जी. मोबाइलवर. अर्धा पाह्यला, मंग सायपाकाले लागली."

"लांजेवार कसा मानूस हाय?"

"कोन, तो सहीवाला?" शोभाताई म्हणाल्या. "चोर हाय जी तो." मग त्यांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिले. "काहून? नाही का?"



"नाही वं ताई," गजभियेजी म्हणाले. "उलटा आहे. त्यानं एकट्यानंच अडवलं होतं."

"अरे बाप्पा." त्या म्हणाल्या. "मंग असं काहून दाखवलं जी?"

त्यांनी हे गजभियेजींना विचारले नाही, संपादकांनाही नाही. आवाज माझा होता म्हणून माझ्याकडे पाहून विचारले. "म्या तुमाले विचारलं होतं ना देशकरभाऊ, शेंगा मोडता मोडता. कारकून काय झाला म्हणून."

मी म्हणालो, "हो."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. गजभियेजींनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि राजीनामा लिहिला. पिशवीत दुसरे काही नव्हते म्हणून पेन्सिलीनेच लिहिला, निळ्या टोकाने. दोन ओळींचा होता. कारण दिले नव्हते. जाताना त्यांनी खालच्या पोहेवाल्याचा निरोप घेतला, असे पोहेवाल्याने मला सांगितले.

वर्णनात ओळ टाकली गेली. ती 'अधिक' या शब्दावर बोट ठेवल्यावर दिसते.

त्यानंतर मी गजभियेजींना एकदाच पाहिले. हिवाळ्यातला रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. दुसऱ्या एका माहितीपटासाठी आम्हाला दक्षिणेकडच्या नव्या वस्त्यांची दृश्ये हवी होती, म्हणून गाडी घेऊन हुडकेश्वरला गेलो होतो. कॅमेऱ्याची माणसे पुढे चौकात उतरली. लांजेवारांच्या गल्लीच्या तोंडाशी मी गाडीतून उतरलो.

गजभियेजी चौथ्या घराच्या फाटकाशी उभे होते. काळा चष्मा नव्हता. खांद्याला तीच पिशवी. अंगणात उन्हात एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. ते कागद धरून तिला वाचून दाखवत होते. मला ऐकू आले तेव्हा ते सुरुवातच करत होते.

"ही नोंद मधुकर लांजेवारनं लिहिलेली आहे. शाळेची जागा देऊ नका, असं त्यात आहे. ते चोर नाहीत. आता पूर्ण वाचतो."

त्यांनी दोन ओळी वाचल्या. तारीख वाचली, सही कोणाची ते वाचले. बाईचा हात थांबला नाही. खडे बाजूला पडत होते.

"बरं," ती म्हणाली.

गजभियेजींनी पिशवीतून वही काढली आणि पेन्सिलच्या निळ्या टोकाने एक खूण केली. वळले तेव्हा मी दिसलो.

"या," ते म्हणाले. "डोळा आता चांगला आहे माहा. तुमी इकडं कसे?"

मी शूटिंगचे सांगितले.

"दर रविवारी येतो मी," ते म्हणाले. "ही गल्ली झाली, का पुढची. सगळं पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो ना, तर कोणी 'मंग' नाही म्हणत गा. एक घर दोन मिनिटांत होते." त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचा आणखी एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "समोरचं घर राहिलं. आवाज तुमचा ओळखीचा आहे लोकायले. वाचता का?"

चौकातून कॅमेऱ्याच्या माणसाने हाक मारली. ऊन बदलत होते.

"ते थांबलेत," मी म्हणालो.

"बरं," गजभियेजी म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या फाटकाची कडी वाजवली.

लांजेवारांच्या घराला त्या दिवशी कुलूप होते. कुंड्या नव्हत्या. शेजारी विचारले तेव्हा कळले, दिवाळीआधीच दोघे वर्ध्याला मुलीकडे राहायला गेले.

माहितीपट चॅनेलवर आहे. हा मजकूर देण्याआधी मी तो पुन्हा तपासला. नोंद एकाहत्तराव्या मिनिटाला आहे.